परत येणाऱ्याचा हक्क

आमच्या मित्रमंडळींत सुट्टीचे दोन पंथ आहेत. पहिला पंथ दरवर्षी नवीन जागा शोधणाऱ्यांचा. या वर्षी अलास्काची क्रूझ, पुढच्या वर्षी इटली, त्यानंतर माचू पिचू. यांच्या फ्रीजवर प्रत्येक देशाचं मॅग्नेट असतं. दुसरा पंथ आमच्यासारख्यांचा. आम्ही १९९८ पासून, मधली काही वर्षं सोडली तर, दर हिवाळ्यात फ्लोरिडातल्या एकाच बेटावर जातो. बेटाचं नाव सॅनिबल. "अरे, परत तिथेच?" हा प्रश्न आम्हाला इतक्यांदा विचारला गेला आहे की उत्तर आता पाठ झालंय : "हो, परत तिथेच. पंढरीचा वारकरी काय दर वर्षी नवीन गाव बघतो?" यावर हशा होतो आणि विषय चहावर जातो.

पण या हसण्यावारी नेलेल्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे आणि तो गेली काही वर्षं माझी पाठ सोडत नाही. ज्या जागेवर आपला जीव जडला आहे, जिथे आपण पुन्हा पुन्हा जातो, पण जिथे आपण राहत नाही, त्या जागेवर आपला हक्क किती? आणि आपण तिचं देणं काय लागतो? तुम्हा-आम्हा परदेशस्थ मराठी मंडळींना हा प्रश्न नुसता सुट्टीपुरता नाही, हे पुढे लक्षात येईलच.

ज्यांनी हे बेट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. आम्ही राहतो ओहायोत. सिनसिनाटीहून आय-७५ धरली की दक्षिणेला सरळ फोर्ट मायर्स. हजार मैलांहून जास्त अंतर, वाटेत जॉर्जियात एक मुक्काम. डब्यात ठेपले, दशम्या आणि लसणाची चटणी, मागच्या सीटखाली राइस कुकर. फोर्ट मायर्सहून समुद्रातल्या पुलावरून बेटावर जायचं. हा पूल १९६३ साली झाला, त्याआधी फेरीबोट होती. पुलावर टोल भरला की बेट आपलं वाटायला लागतं!

फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगतची वाळूची बेटं बहुतेक उत्तर-दक्षिण पसरलेली आहेत. सॅनिबल मात्र पूर्व-पश्चिम आडवं पडलेलं आहे. त्यामुळे मेक्सिकोच्या आखातातून लाटांबरोबर येणारे शंख-शिंपले त्याच्या ओंजळीत अडकतात. सकाळी सगळा बीच कमरेत वाकून शिंपले वेचत असतो. या वाकण्याला तिथे 'सॅनिबल स्टूप' असं खास नाव आहे. माझी आई २००१ मध्ये आमच्याबरोबर आली होती. ते दृश्य बघून ती म्हणाली, "अगोबाई, ही सगळी भात लावायला आल्येत की काय!"

संध्याकाळी हीच मंडळी घडीच्या खुर्च्या घेऊन पश्चिमेकडे तोंड करून बसतात. सूर्य पाण्याला टेकतो, चपटा होतो, बुडतो, आणि लोक चक्क टाळ्या वाजवतात. आईला ते काही पटलं नाही. "टाळ्या कसल्या? नमस्कार करा," म्हणाली, आणि नातवंडांना जवळ घेऊन तिने 'शुभं करोति' म्हटलं. मग हिशेब करून म्हणाली, "इथे आत्ता बुडाला ना, तीनेक तासांत आमच्या श्रीवर्धनला उगवेल." हिशेब अगदी बरोबर होता. तेव्हापासून आमच्या घरात सॅनिबलच्या सूर्यास्ताला 'श्रीवर्धनची पहाट' असंच म्हणतात.

आता मूळ मुद्दा. आपण एकाच जागी परत का जातो? विश्रांती म्हणाल तर ती कुठेही मिळते. मला वाटतं, देश सोडलेल्या माणसाला एक न बदलणारी जागा हवी असते. दर भारतवारीला घर थोडं निराळं दिसतं. कोपऱ्यावरचा वाणी गेलेला असतो, आमराईच्या जागी टॉवर आलेला असतो, आणि आपण ज्यांना अरे-तुरे करायचो त्यांची मुलं आपल्याला "काका, तुम्ही कुठले?" असं विचारतात. इथे म्हणाल तर नोकरीपायी तीन राज्यं झाली, चार घरं झाली. अशा वेळी कुठेतरी तोच पूल, तेच दीपगृह, तीच वाळू असावी, मुलांची उंची मोजायला एखादा स्थिर खांब असावा, असं मनाला वाटतं. यात वावगं काही नाही.

पण न बदलणारी जागा आपोआप तशी राहत नाही. ती तशी ठेवावी लागते आणि त्याची किंमत कोणीतरी मोजत असतं. पूल झाल्यावर सॅनिबलवर बांधकामाचा लोंढा येणार हे दिसू लागलं, तेव्हा रहिवाशांनी १९७४ साली मतदान करून आपलं स्वतंत्र शहर स्थापन केलं आणि बांधकामाला लगाम घातला. म्हणून आज बेटावर उंच इमारती नाहीत, ट्रॅफिक सिग्नल नाही, आणि जवळजवळ दोन तृतीयांश जमीन राखीव आहे. आपल्याला तिथे जी शांतता मिळते ती या लोकांनी स्वतःवर बंधनं घालून घेतली म्हणून. पण जमीन थोडी आणि मागणी फार, म्हणून घरांच्या किमती चढल्या. आपल्या कॉन्डोच्या चादरी बदलणारी, हॉटेलात भांडी घासणारी, झाडं कापणारी बहुतेक माणसं तिथे राहू शकत नाहीत. ती रोज सकाळी पूल ओलांडून येतात आणि संध्याकाळी, बरेचदा आपला सूर्यास्त चालू असतानाच, परत जातात. त्यांच्याही आधी, काही शतकांपूर्वी, या किनाऱ्यावर कलुसा लोक राहत होते. त्यांनी रचलेले शिंपल्यांचे ढीग अजून या भागात आहेत. ते लोक मात्र युरोपीय आल्यानंतर रोगराईने आणि हल्ल्यांनी अठराव्या शतकापर्यंत नाहीसे झाले. तेव्हा 'आमचं बेट' म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी.

२०२२ च्या नवरात्रात, तिसऱ्या माळेच्या दिवशी, म्हणजे २८ सप्टेंबरला, इयान नावाचं चक्रीवादळ जवळच्याच कायो कोस्टा बेटावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी १५० मैल. समुद्र सॅनिबलवर चढला. पूल अनेक ठिकाणी तुटला आणि बेटाचा रस्ता बंद झाला. १८८४ पासून उभ्या असलेल्या लोखंडी दीपगृहाचा एक पाय लाटांनी नेला, शेजारची राखणदारांची घरं तर पार वाहून गेली. फ्लोरिडात शंभराहून अधिक माणसं दगावली. आम्ही ओहायोत टीव्हीसमोर बसून आकाशातून घेतलेली चित्रं बघत होतो आणि आमचा कॉन्डो कुठला ते शोधत होतो.

पुलाची तात्पुरती दुरुस्ती आश्चर्य वाटावं इतक्या लवकर, १९ ऑक्टोबरपर्यंत झाली. दीपगृहाला तात्पुरता लाकडी पाय बसवून २८ फेब्रुवारी २०२३ रोजी दिवा पुन्हा लावला. २०२३ च्या उन्हाळ्यात कळलं की आमची नेहमीची जागा डिसेंबरपर्यंत उघडणार आहे. आणि घरात वादाला तोंड फुटलं.

लेक म्हणाली, "बाबा, लोकांची घरं गेलीत आणि आपण तिथे जाऊन सूर्यास्त बघायचा? दुसऱ्याच्या सुतकात पिकनिकला गेल्यासारखं नाही का ते?"

मुलाचं म्हणणं उलट. "त्या बेटाचं पोट पर्यटनावर आहे. आपण गेलो नाही तर हळहळण्याचा त्यांना काय उपयोग? खरी मदत करायची तर जा आणि पैसे खर्च करा."

लेकीने आणखी पुढचा प्रश्न काढला. ही बेटं मुळात वाळूची. समुद्राचा तडाखा आधी अंगावर घेऊन मागच्या मुख्य भूमीला वाचवायचं हे त्यांचं काम. ती सरकतात, तुटतात, जोडली जातात. २००४ च्या चार्ली वादळाने शेजारच्या नॉर्थ कॅप्टिव्हा बेटाचे एका दिवसात दोन तुकडे केले होते. अशा जागी पुन्हा पुन्हा घरं बांधायची, सरकारी पूरविमा १९६८ पासून त्याला टेकू देणार, म्हणजे कुठेतरी सगळ्यांनी मिळून त्याचा भार उचलायचा, आणि हे सगळं कशासाठी? तर आपल्याला तोच खांब, तीच वाळू दिसावी म्हणून? बेटालाच एका जागी राहायचं नसेल तर आपण कोण त्याला धरून ठेवणारे?

मुद्दा बिनतोड होता. मी गप्प बसलो. शेवटी आमच्या सौ. म्हणाल्या, "तुम्ही तिघं इथे बसून तिथल्यांच्या मनातलं कशाला ठरवताय? विचारा की त्यांना."

कॉन्डोची साफसफाई करणाऱ्या एक बाई आमच्या बऱ्याच वर्षांच्या ओळखीच्या. मुख्य भूमीवर ट्रेलर-घरात राहायच्या, ते घर वादळात गेलं होतं आणि त्या बहिणीकडे राहत होत्या. हिने त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "जरूर या. घर गेलं, निदान कामाचे तास तरी राहू देत. फक्त पडक्या घरांसमोर उभं राहून फोटो काढू नका."

आम्ही गेलो. लेकही आली, पण तिचं समाधान झालं नव्हतं आणि त्याला कारण होतं. कॉन्डोच्या मालकाचं नुकसान झालं, विम्यातून बरंचसं भरून निघालं. बाईंच्या ट्रेलरला विमा नव्हता. आपण खर्च केलेल्या डॉलरमधले किती त्यांच्यापर्यंत पोचतात, हा तिचा प्रश्न खोडून काढता येत नव्हता. तिथे झाडांचे शेंडे तुटलेले, छपरांवर निळ्या ताडपत्र्या, ओळखीची दुकानं बंद. सूर्यास्त मात्र अगदी तसाच. त्याला आपल्या सुखाशी आणि त्यांच्या दुःखाशी काही देणंघेणं नव्हतं. आम्हाला तो बघताना आनंद झाला, आणि आनंद झाला याचं थोडं ओझंही वाटलं. त्या ओझ्याचं काय करायचं, हाच खरा प्रश्न.

त्याचं उत्तर शोधताना मला श्रीवर्धनची आठवण झाली, कारण याच्या दोनच वर्षं आधी तिथेही हेच घडलं होतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, पलीकडे दापोली तालुक्यापर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. माझ्या मामाची वाडी त्यातलीच. पोफळ नव्याने लावली तर सुपारी हाती लागायला सहा-सात वर्षं जातात. मामा तेव्हा सत्तरीच्या पुढे.

मामाने आणि त्याच्या मुलाने जुन्या घराची कौलं उतरवून स्लॅब टाकला आणि मागच्या अंगाला पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या, एसीसकट. फोटो आले तसं मुंबई, पुणे आणि अमेरिका इथे विखुरलेली आम्ही भाचरं फार हळहळलो. "मामा, कौलारू घराची सर स्लॅबला नाही हो!" असं आमच्यापैकी एकाने फोनवर म्हटलंही. मामा शांतपणे म्हणाला, "अरे, कौलं उडाली त्या दुपारी आम्ही आत होतो. तुम्हाला कौलं आवडतात, आम्हाला आता झोप आवडते."

मंडळी, आपल्यापैकी कितीजणांनी असं एखादं वाक्य ऐकलं असेल! आपलं गाव जुनं राहावं असं आपल्याला मनापासून वाटतं, आणि आपण ज्या डब्यातून, ज्या अरुंद रस्त्यातून, ज्या विजेविना रात्रीतून बाहेर पडलो, त्यातच मागे राहिलेल्यांनी आपल्या आठवणींसाठी राहावं अशी ही अपेक्षा असते. सॅनिबलवर पर्यटक असतो आणि श्रीवर्धनला भाचा, पण दोघांची मागणी एकच : मी येईन तेव्हा सगळं जसंच्या तसं असू दे.

आपल्या भाषेत 'माया' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक जिव्हाळा आणि दुसरा भ्रम. एखाद्या जागेवर आपली माया असते तेव्हा त्यातला जिव्हाळा किती आणि भ्रम किती हे ओळखायचं कसं? मला सापडलेली कसोटी आईच्या बोलण्यातली आहे. ती लग्नानंतर पन्नास वर्षं श्रीवर्धनला माहेरी जात राहिली. तिचं एक वाक्य होतं, "माहेरी हक्काने जावं, पण डबे कुठे ठेवायचे ते वहिनीला सांगू नये."

विचार करा, परत येणाऱ्याचं सगळं नीतिशास्त्र यात आलं. माहेरवाशिणीचा घरावर हक्क असतो, आणि तो खोटा नसतो. तिचं बालपण त्या भिंतींत आहे. तिला चार दिवस आराम मिळावा, तिच्या आवडीची भाजी व्हावी, परसात बसून संध्याकाळ बघत राहिली तर कोणी हटकू नये. पण चूल वहिनीची. पावसात गळतं कुठे हे वहिनीला माहीत. शहाणी माहेरवाशीण नवीन मिक्सर बघून "आमच्या वेळचा पाटा कुठे गेला?" म्हणत नाही. आणि माहेरी अडचण असली की ती पाहुणी राहत नाही, पदर खोचून कामाला लागते.

'अतिथी देवो भव' हे आपण यजमानाला सांगितलं. पाहुण्याने काय करावं हे फारसं कोणी सांगत नाही. त्याचं एक उदाहरण याच बेटांवर आहे. जे नॉरवुड डार्लिंग हे आयोवातले व्यंगचित्रकार, दोनदा पुलित्झर पारितोषिक मिळालेले, चित्रांवर 'डिंग' अशी सही करायचे. ते हिवाळ्यात कॅप्टिव्हाला येत, म्हणजे आपल्यासारखेच पाहुणे. सॅनिबलवरची तिवरांची दलदल विकली जाणार असं दिसल्यावर त्यांनी ती वाचवण्यासाठी खटपट केली आणि १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या आदेशाने तिथे अभयारण्य झालं. १९६२ मध्ये डार्लिंग वारले, १९६७ मध्ये अभयारण्याला त्यांचं नाव मिळालं. आज आपण तिथे गुलाबी चमचे (रोझिएट स्पूनबिल) पाहून हरखतो ते एका पाहुण्याने पदर खोचला म्हणून.

आपण काही डार्लिंग नव्हे. पण आपल्या ऐपतीचं काही करता येतं. लेकीच्या आग्रहावरून आमच्या घरी आता नियम झाला आहे : सुट्टीचा जेवढा खर्च, त्याचा दहावा भाग तिथल्या कामकरी लोकांच्या घरांसाठी झटणाऱ्या संस्थेला द्यायचा. आणि तेवढीच रक्कम श्रीवर्धनला, पोफळीच्या रोपांसाठी. मामाच्या मागच्या खोल्यांत आम्ही उतरलो तर पर्यटकांइतकंच भाडं देतो. मामा रागावतो, मामी मात्र हळूच पैसे घेऊन ठेवते! याने लेकीचा मूळ प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हेलीन आणि मिल्टन या वादळांनी सॅनिबलवर पुन्हा पाणी आणि वाळू आणली. एक दिवस कदाचित तिथले लोकच म्हणतील की आता पुरे, इथे पुन्हा बांधायला नको. तसं झालं तर आपण "पण आमचा सूर्यास्त?" असं विचारायचं नाही, एवढी तयारी मनाची असायला हवी. ज्याच्या डोक्यावर छप्पर राहायचं त्याने ठरवावं, आपण त्याच्या बाजूने उभं राहावं.

परत येण्यात खरे तरबेज प्राणी कोणते, तर समुद्री कासवं. मादी जिथे जन्मली त्याच किनाऱ्याच्या आसपास कित्येक वर्षांनी अंडी घालायला येते. सॅनिबलवर लॉगरहेड कासवं येतात, बाणकोटच्या खाडीपलीकडे वेळासला ऑलिव्ह रिडले. वेळासला पूर्वी अंडी चोरीला जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांबरोबर राखण सुरू केली आणि तेच गाव आज कासवांचं यजमान आहे. इयाननंतरच्या उन्हाळ्यातही सॅनिबलवर कासवं आली. किनाऱ्याचा आकार बदलला होता. त्यांनी तक्रार केली नाही, आहे त्या वाळूत खळगा केला, अंडी घातली, वरून वाळू सारखी केली आणि निघून गेली.

कासवांसाठी सॅनिबलवर काही नियम आहेत. त्यांच्या हंगामात रात्री किनाऱ्याकडे दिवा दिसू द्यायचा नाही, कारण पिल्लं उजेडाने वाट चुकतात. जिवंत शंख उचलायचा नाही, ही बंदी १९९५ पासून आहे. आणि वाळूत खड्डा खणला असेल तर जाण्यापूर्वी तो बुजवायचा. आमचा नातू पाच वर्षांचा आहे. दिवाळीत अंगणात करतो तसाच शिवाजी महाराजांचा किल्ला तो बीचवर करतो, बुरूज, खंदक, शिंपल्यांचे मावळे सगळं. संध्याकाळी तो मोडायचा म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं. लेक त्याला समजावते की रात्री इथे दुसरं कोणीतरी येणार आहे, त्याला वाट मोकळी हवी. मग तो स्वतःच खंदक बुजवतो, मावळे पाण्यात सोडतो आणि विचारतो, "पुढच्या वर्षी परत करायचा ना?"

करायचा की. जागा त्यांनी ठेवली असली तर नक्की.